फौजीला सोळा

नापास करण्याबद्दल माझी ख्याती होती, आणि खोटं कशाला बोलू, मला ती आवडायची. आमचं कॉलेज जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावात. तिथे मी मराठी शिकवायचे आणि रविवारी बाहेरून पदवी घेणाऱ्यांचं अभ्यासकेंद्र सांभाळायचे. दुकानदार, अंगणवाडीच्या बाया, ग्रामपंचायतीचे शिपाई, लग्नामुळे शिक्षण अर्ध्यावर सुटलेल्या मुली, असे सगळे तिथे यायचे. प्रत्येक विषयाचा एक स्वाध्याय घरी लिहून आणायचा, त्याला वीस गुण. मी तो ओळ न् ओळ वाचायचे. गाईडमधून उतरवलेलं असलं की पहिल्या परिच्छेदातच मला कळायचं आणि मग माझ्या लाल पेनाला चेव यायचा. एका पुढाऱ्याच्या पोराला मी एकदा चार गुण दिले. वडील स्वतः भेटायला आले, चहा पिऊन गेले, पण चाराचे पाच झाले नाहीत. ही हकिगत मी पुढे इतक्या जणांना ऐकवली की शेवटी आमचे हे म्हणाले, "अगं, त्या पोराला पोरं झाली आता. सोड की त्याला."

फौजींची गोष्ट मात्र वेगळी होती.

आमच्या भागातून फौजेत जाणारे पुष्कळ. बारावी करून भरती होतात आणि नोकरीत असतानाच पदवीचा फॉर्म भरतात. स्वाध्याय तिकडून लिहून पाठवतात, घरचं कुणीतरी ते केंद्रावर आणून देतं. त्यांच्यासाठी केंद्रात एक अलिखित रीत होती: फौजीला सोळा. ही रीत कुणी पाडली ते ठाऊक नाही, मी आले तेव्हा ती होतीच. गठ्ठ्यातून फौजीचा स्वाध्याय बाजूला काढायचा, पहिल्या पानावर सोळा लिहायचे, खाली सही ठोकायची. वीस दिले तर वर शंका घेतात, बारा दिले तर बरं दिसत नाही. सोळा कसे शोभून दिसतात. "तो तिकडे बर्फात उभा आहे आणि आपण इथे पंख्याखाली बसून त्याच्या वेलांट्या मोजायच्या का?" असं माझ्या आधीचे सर म्हणायचे. मला ते अगदी पटलं होतं. पुढे नव्याने आलेल्यांना मीही हेच ऐकवू लागले, आणि ऐकवताना माझा आवाज थोडा भरूनही यायचा.

पंधरा ऑगस्टला कॉलेजात रजेवर आलेल्या एखाद्या जवानाला बोलावून शाल-श्रीफळ द्यायचा आमचा परिपाठ होता. त्या दिवशीचं भाषण ठरलेलं माझं. वीस मिनिटं बोलायचे. पहिल्या रांगेतल्या बाया पदर डोळ्यांना लावायच्या. एका स्वाध्यायाला दहा मिनिटं लागतात. वीस मिनिटांत दोन फौजींचे वाचून झाले असते, हा हिशोब तेव्हा मला सुचला नाही.

आता वय झालंय, लपवून काय करायचंय, म्हणून सांगते. त्या आदराच्या खाली मी त्यांना कमी लेखत होते. बंदूक चालवणाऱ्याला सारांशलेखन कुठलं जमायला, लिहिलं असेल काहीतरी मोडकंतोडकं, उगाच वाचून आपलंच मन खट्टू व्हायचं, असं माझ्या मनात पक्कं होतं. पुढाऱ्याच्या पोराला चार देताना त्याला अक्कल असू शकते एवढं तरी मी धरून चालत होते. फौजीच्या बाबतीत तेवढंही नाही.

तर त्यातल्याच एकाची ही गोष्ट. त्याला मी पहिली तीन वर्षं पाहिलंच नव्हतं, पाहत होते ते त्याच्या बायकोला. लोहाऱ्याच्या पलीकडच्या एका खेड्यातून ती यायची. आधी जीप, मग एसटी, मग स्टँडपासून चालत. तो लिहिलेले कागद तिला पोस्टाने पाठवायचा, नाहीतर रजेवर येणाऱ्या एखाद्या सोबत्याबरोबर द्यायचा. ती ते प्लास्टिकच्या पिशवीत, वर पुन्हा टॉवेल गुंडाळून आणायची. पहिल्या खेपेला मी सहज विचारलं, एवढा खटाटोप कशाला करतो तुझा नवरा, बढतीसाठी का?

"न्हाय मॅडम, त्यांना तिथं मास्तर व्हायचंय," ती म्हणाली.

मी हसले. फौजेत कसला मास्तर? मग तिनंच मला सांगितलं. जवानांना शिकवणारा एक हवालदार असतो. नवी भरती झालेली पोरं लिहिताना अडतात, बढतीच्या परीक्षेत लटकतात, त्यांना तो तयार करतो. पदवी असलेल्या शिपायाला परीक्षा देऊन त्या जागेवर जाता येतं, पण ठरावीक वयाच्या आत. ह्यांना शिकवायचं लई येड हाय, असं ती म्हणाली, आणि म्हणताना लाजली.

पुढच्या वर्षी तपासलेला स्वाध्याय परत न्यायला ती आली तेव्हा मी तिच्यासमोरच त्यावर सोळा टाकले. तिला वाटलं मॅडमनी आधीच वाचून ठेवलंय. जाताना ती दारात थांबली. "मॅडम, ह्यांनी इचारायला सांगितलंय, काय चुका हायत का?"

"फौजी माणूस आहे, त्यांच्या कसल्या चुका काढतेस?" मी म्हणाले.

तिचा चेहरा एकदम खुलला. फाटकाशी उभी राहून तिनं तिथूनच नवऱ्याला फोन लावला. मला खिडकीतून दिसत होतं. ती हातवारे करून सांगत होती आणि मला आपण काहीतरी चांगलं केल्यासारखं वाटत होतं.

तिसऱ्या वर्षी तो पदवीधर झाला. पेढे आले. आम्ही सगळ्यांनी खाल्ले.

त्यानंतर साधारण दीड वर्षाने, उन्हाळा लागता लागता, एका रविवारी दोघं नवरा-बायको केंद्रावर आली. उंच, सावळा, केस बारीक कापलेले, खुर्चीत टेकूनही न बसणारा माणूस. त्यानं वाकून नमस्कार केला. मी म्हणाले, "या, या! झालात का मास्तर?"

"न्हाय मॅडम. न्हाय झालो."

मग त्यानं सांगितलं. लेखी परीक्षेत तो पास झाला होता. नंतर शिकवून दाखवायचं होतं. समोर दहा-बारा जवान बसवले, ह्याच्या हातात एक छापील पान दिलं, वाचायला दहा मिनिटं दिली, आणि म्हणाले, ह्या पोरांना हे समजावून सांग.

"म्या पान तसंच्या तसं म्हणून दाखवलं," तो म्हणाला. "पाठांतर माझं चांगलंय. तर साहेब म्हणाले, ये तो कागज पे लिखा है, तुम क्या समझे वो बताओ. म्या पुन्यांदा तेच म्हणलं. तिसऱ्या बारीला त्यांनी हातानं थांबवलं."

"अहो, ही परीक्षा घेणारी माणसंच तसली असतात," मी म्हणाले. किती चटकन म्हणाले! "पुन्हा बसा. तुम्हाला काय अवघड आहे?"

"पुन्यांदा वय बसत न्हाय, मॅडम."

मग त्यानं हातातली फाईल टेबलावर ठेवली. तिच्यात तीनही वर्षांचे माझ्या विषयाचे स्वाध्याय होते, आम्ही तपासून परत केलेले, ओळीने लावलेले. "तुमी सगळ्यात सोळा दिलेत. मग कमी कुठं पडलो ते मला कळंना. आता उपेग न्हाय त्याचा, पर कळलं तर पायजे. तुमीच बघून सांगा."

मी पहिला उघडला. माझा सोळा, माझी सही. पान उलटलं. पहिल्यांदाच उलटलं.

अक्षर ठळक आणि सरळ होतं. सारांशाचा प्रश्न होता. त्यानं मूळ उताऱ्यातलीच वाक्यं एकेक सोडून लिहिली होती, शब्दाला शब्द. कुणाही मुलीला मी पाच दिले असते आणि वर चार ओळी सुनावल्या असत्या. शेवटच्या पानावर खाली रेघ मारून लिहिलं होतं: "मॅडम, सारांश लिहिताना उताऱ्यातली वाक्ये तशीच घ्यायची का आपल्या शब्दात लिहायचे? आपल्या शब्दात लिहिले तर चूक धरतात का? कृपया कळवावे."

दुसऱ्या वर्षाचा घेतला. तो सगळा पेन्सिलीने लिहिलेला होता. शेवटी तळटीप: "थंडीमुळे पेन चालत नाही. माफी असावी." पेन्सिलीने लिहिलेला कागद मी दुसऱ्या कुणाच्या अंगावर भिरकावला असता. हा पेन्सिलीचा आहे हेसुद्धा मी पाहिलं नव्हतं. त्याखाली पुढे होतं: "मागील वर्षी विचारले होते त्याचे उत्तर आले नाही. सोळा गुण मिळाले त्याअर्थी वाक्ये तशीच घेतलेली चालतात असे समजतो."

तिसऱ्या वर्षाच्या स्वाध्यायात खाली प्रश्न नव्हता.

मी त्या कोऱ्या जागेकडे बघत राहिले. त्याला वाटलं मी चूक शोधतेय. तो जरा पुढे झुकून म्हणाला, "पुढं पुढं म्या इचारायचं सोडलं, मॅडम. म्हणलं आपला सवाल लई बाळबोध असंल, म्हणून मॅडम उत्तर देत न्हायत."

त्याची बायको लगेच मध्ये पडली. "तुमाला शेकड्यानं पेपर असत्यात, कळतंय की आमाला."

तिनं मला वाट काढून दिली होती. ती धरून मी निसटू शकले असते. काम फार असतं, नजरचुकीनं राहिलं, एवढं म्हटलं असतं तर दोघांनीही मान डोलावली असती आणि पाया पडून गेली असती. माझ्या ओठांवर तेच होतं. पण समोर तो माणूस असा बसला होता की त्याच्याशी खोटं बोलायची मला लाज वाटली. ही लाज तीन वर्षं कुठं गेली होती, कुणास ठाऊक.

"मी हे वाचले नव्हते," मी म्हणाले.

त्याला कळलं नाही. "म्हंजी ह्यातला कुठला?"

"एकही नाही."

"मग सोळा?"

"तुम्ही फौजी म्हणून. सगळ्या फौजींना आम्ही सोळा देतो."

त्याच्या बायकोनं माझ्याकडे बघितलं आणि नजर खाली घातली, ती पुन्हा वर केलीच नाही. फाटकाशी उभी राहून केलेला तो फोन तिला आठवला असणार, कारण मला तरी तोच आठवत होता. मी माफी मागितली. शब्द चांगले निवडले असतील, मराठीची बाई मी. त्यांचा त्याला काही उपयोग नव्हता, हे बोलता बोलताच मला कळत होतं. एका ओळीचं उत्तर होतं ते: आपल्या शब्दांत लिहा, चूक धरत नाहीत. लाल पेनानं लिहायला अर्धं मिनिट लागलं असतं. ते लिहिलं असतं तर पुढची दोन वर्षं त्याला सराव करायला मिळाली असती, आणि त्या दहा-बारा जवानांसमोर तो उभा राहिला तेव्हा त्याच्या तोंडून स्वतःचं वाक्य निघालं असतं.

मग तो बोलला. आवाज चढला नव्हता, चढला असता तर बरं झालं असतं. "आमच्याकडं फायरिंगला गोळी कुठं लागली ते दर बारीला जाऊन बघत्यात. न्हाय लागली तर तोंडावर न्हाय लागली म्हणत्यात. लई शिव्या देत्यात. पर तवाच नेम बसतो."

मी हो म्हणाले.

त्यानं स्वाध्याय पुन्हा ओळीने लावले, फाईल मिटली आणि उठला. बायकोही उठली. दाराशी पोचल्यावर तो वळला. मला वाटलं आता रागावून बोलेल, आणि बोलावं असं मनापासून वाटत होतं.

"मॅडम, माझं ऐकून पलटणीतल्या तिघांनी औंदा तुमच्याच केंद्रावर फॉर्म भरलाय. एक आपल्याकडच्या वाशीचा हाय, दोघं अणदूरकडचे. पोरं हुशार हायत. त्यांना नापास केलं तरी चालंल. पर वाचा."

मी मान हलवली. त्या तिघांचे स्वाध्याय मागच्याच रविवारी आले होते, आणि तिन्हींवर सोळा टाकून माझी सहीसुद्धा झाली होती.