कात्री आतच आहे

आमच्या लेकीला आठव्या वर्षी शुगर निघाली, तेव्हा नातेवाइकांनी एकेक कारण शोधून आणलं. गावाकडच्या सासूबाईंनी तर फोनवरच निकाल लावला, "साखर लई चारली तुमी पोरीला." डॉक्टरांनी आम्हा दोघांना समोर बसवून वेगळंच सांगितलं. साखरेने पोरीला काही झालेलं नाही, पण इन्सुलिन सुरू असताना खेळता खेळता तिची साखर एकदम उतरू शकते. हातपाय थरथरतील, घाम फुटेल, आणि त्या वेळी गोड काहीतरी ताबडतोब पोटात गेलं नाही तर पोर बेशुद्ध पडेल. हे ऐकून मी रडले. आमचे हे कामाला लागले.

हे सुप्याच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. स्लिपशिवाय तिथून नट हलत नाही, याचा त्यांना जेवढा अभिमान आहे तेवढा लग्नाचाही नसेल. फर्स्ट एडची पेटीसुद्धा यांच्याच ताब्यात, कुलूप लावून. किल्ली कमरेला. कुणाचं बोट कापलं तर काय करता, असं मी एकदा विचारलं होतं. "मला बोलावतात ना," ते म्हणाले. "उघडी ठेवली की लोक बँडेज चोरतात."

शाळेने सांगितलं, मुलीला अडीअडचणीला लागेल ते एका डब्यात भरून वर्गात आणून ठेवा. रविवारी हे हॉलमध्ये मांडी ठोकून बसले. पारदर्शक डबा, त्यात ग्लुकोजची पावडर, बिस्किटं, साखर मोजायचं मशीन. इथवर ठीक होतं. मग टॉर्च आली. तिच्यातले सेल गळतात म्हणून ते काढून वेगळ्या पिशवीत. मग शिट्टी, मेणबत्ती आणि दोरी.

"दोरी कशाला?" मी विचारलं.

"असू दे."

सावेडीतल्या शाळेत पंख्याखाली बसणारी पोर, पण तयारी अशी की जणू उद्या ती रतनगडाच्या कड्याला लटकणार आहे. बँडेज कापायला एक छानशी कात्रीही आत गेली. झाकण लागलं, आणि त्यावर कंपनीतून आणलेले प्लास्टिकचे टाय करकचून ओढले गेले. हे टाय एकदा आवळले की कापल्याशिवाय सुटत नाहीत. पोरं बिस्किटं खातील म्हणून ही खबरदारी. वर लॅमिनेट केलेली सूचना: 'फक्त आणीबाणीत उघडावे.'

वर्गाच्या मॅडम खूश झाल्या. त्यांनी डबा कपाटावर सगळ्यांना दिसेल असा ठेवला आणि तपासणीला आलेल्या साहेबांनाही दाखवला. साहेबांनी कौतुक केल्याचं यांनी आम्हाला जेवताना ऐकवलं. पुन्हा सकाळी नाश्त्यालाही ऐकवलं.

त्याच सुमारास लेकीच्या युनिफॉर्मच्या खिशाला मुंग्या लागायला लागल्या. मी दोनदा ओरडले. चोरून चॉकलेट खाते, असं मला वाटलं. ती खाली मान घालून उभी राहिली. स्वयंपाकघरातल्या डब्यातली साखर भरभर संपते आहे हेही माझ्या लक्षात आलं होतं, पण त्याचा दोष मी चहाला देत होते.

गॅदरिंगच्या नाचाची प्रॅक्टिस चालू असताना एक दिवस तिची साखर उतरली. थरथरत ती वर्गात आली आणि बाकावर बसली. मॅडमनी कपाटावरून डबा खाली घेतला. टाय नखांनी सुटेना, पट्टीने सुटेना, करकटकाचं टोक वाकलं. शेवटी त्यांनी यांना फोन लावला.

"सर, हे उघडायचं कसं?"

"मॅडम, कात्रीने टाय कापा."

"कात्री कुठंय?"

"आतच आहे."

पुढचं यांना ऐकू आलं नाही, कारण मॅडम फोन तसाच टाकून ऑफिसात कात्री आणायला पळाल्या होत्या. हे सुप्याहून गाडीवर निघाले. पुणे रोडवर गाडी कशी चालवली ते आठवत नाही, म्हणतात. त्यावर माझा विश्वास आहे.

मॅडम कात्री घेऊन परत आल्या, तेव्हा लेक तळहात चाटत होती. मांडीवर वर्तमानपत्राच्या कागदाची रिकामी पुडी, ओठांवर साखरेचे कण. घाम होता, पण डोळे जागेवर आले होते.

घरी आल्यावर यांनी तिला समोर बसवलं. पुडी खिशात कधीपासून आहे? डबा ठेवला तेव्हापासून, ती म्हणाली. मग आम्हाला सांगितलं का नाहीस?

"सांगितलं असतं तर पप्पांनी माझ्या खिशाला पण टाय लावला असता."

मी हसले आणि मग मला हसता येईना. तिला जवळ ओढून घेतलं. हे उठून गॅलरीत गेले.

आता रोज सकाळी पुडी तेच बांधतात. मुंग्या लागतात, मी झटकते. शाळेतल्या डब्याचे टायही गेले. मला वाटलं, माणूस सुधारला. म्हणून एकदा सहज विचारलं, "आणि कंपनीतल्या पेटीचं कुलूप?"

"ते कसं काढणार? तिथं लोक चोरतात."

"आपल्या लेकीनेही साखर चोरलीच होती," मी म्हटलं.

यांनी पुडीची घडी घातली, तिच्या खिशात ठेवली, आणि कमरेची किल्ली चाचपून सुप्याला निघून गेले.