तीट

त्या आजींचं नाव मी विचारलंच नाही. रोलवर फोटो काढायचे दिवस होते. गंगापूर रोडवरच्या एका लॅबच्या काउंटरवर मी काढलेले पोर्ट्रेट मांडून उभी होते. मालकांना आवडले, तरच त्यांच्या स्टुडिओत काम मिळणार होतं. ते आत होते.

आजी नातवाचे पासपोर्ट फोटो न्यायला आल्या होत्या. पायाशी झेंडूची रिकामी पाटी, नखांत पिवळा रंग. हात मागे बांधून त्यांनी माझा एकेक फोटो पाहिला. सुरगाण्याच्या बाजारातल्या, पुढचे दात पडलेल्या हसऱ्या मुलीपाशी मात्र त्या थबकल्या. फोटोवरून दोन्ही हात ओवाळून त्यांनी आपल्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली.

"कुणाची गं पोर?"

"माहीत नाही, आजी. बाजारात भेटली."

"मग तीट तरी लावायची. लय गोड हसती. नजर लागंल."

प्रिंटवरचे पांढरे ठिपके बुजवायची काळी शाई माझ्या पिशवीत असायचीच. ब्रशनं मी फोटोच्या कोपऱ्यात एक ठिपका ठेवला. आजींनी समाधानानं मान डोलावली, नातवाच्या फोटोंचं पाकीट घेतलं आणि पाटी उचलून गेल्या.

मालक आले. भराभर फोटो बाजूला सारत गेले आणि त्या मुलीपाशी तेही थांबले.

"हा फार छान आलाय," ते म्हणाले. "पण कोपऱ्यात डाग पडलाय."

"डाग नाही, सर," मी म्हणाले. "तीट आहे."