तीन वर्षं बैठक माफ

त्या गावात माझा विषय निघाला की आजही कोणी ना कोणी म्हणतं, फुकट बसायची सवय लागलेली बाई होती ती. म्हणोत. काय घडलं ते मात्र मी लिहून ठेवणार आहे. गावाचं नाव लिहीत नाही, तिथल्या पुष्कळांशी माझे आता चांगले संबंध आहेत.

दुसरं महायुद्ध सुरू व्हायच्या आधीचे ते दिवस. आम्ही नवरा-बायको कामरगावला राहायचो आणि फुटाणे, मुरमुरे, ज्वारीच्या लाह्या भाजून बाजारात विकायचो. नवरा कढईतल्या वाळूत दाणे भाजायचा, मी विकायचे. बाजारात जागेवर बसायचे पैसे द्यावे लागत, त्याला बैठक म्हणत. ती आम्ही न कुरकुरता देत होतो.

दोन कोसांवरच्या या गावाने स्वतःचा बाजार भरवायचं ठरवलं. तिथल्या लोकांना मीठ-मिरचीसाठीही कामरगावला यावं लागायचं. पण नव्या बाजाराला दुकानदार यायचे कुठून? म्हणून पाटलांनी आणि पंचांनी आसपास दवंडी दिली आणि आपल्या चावडीवर कागद चिकटवला. जो इथे दुकान मांडील, त्याला तीन वर्षं बैठक माफ. मी मराठी चौथी शिकलेली. बाजारात बसणाऱ्या इतर बायकांना वाचता येत नव्हतं, म्हणून त्यांना तिथे नेऊन तो कागद मीच मोठ्याने वाचून दाखवला. माझ्या शब्दावर त्या आल्या.

पहिल्या मंगळवारी आम्ही सहा दुकानं होतो. लोक एक चक्कर मारायचे आणि आपले कामरगावची वाट धरायचे. कितीदा तरी लाह्यांचं पोतं नेलं तसंच परत आणलं. नवरा म्हणायचा, बैठक माफ आहे, पण गिऱ्हाईक कुठे आहे? त्याचं खरं होतं, तरी मी हट्टाने जात राहिले. बाभळीखाली तीन दगड मांडून तिथेच भट्टी पेटवली. गरम फुटाण्यांच्या वासाने पोरं यायला लागली, पोरांमागे त्यांच्या आया. मग आमच्यातली कुंभारीण चार मडकी जास्त आणू लागली. बांगड्यावाली आली, शिरपूरकडचा एक कल्हईवाला आला. वर्ष भरायच्या आत बैलगाड्या सोडायला जागा मिळेना.

तो भरलेला बाजार पंचांच्या डोळ्यांत भरला. त्यांनी बाजाराची बैठक वसूल करायचा ठेका लिलावात काढला आणि पुढच्याच मंगळवारी ठेकेदार बैठक मागत दुकानोदुकानी फिरायला लागला. कुंभारीण माझ्याकडे बघून म्हणाली, "बाई, तू त तीन वर्सं वाचलं होतं." तिच्या बोलण्यात राग नव्हता, म्हणूनच ते जास्त लागलं.

मी तशीच चावडीवर गेले. कागद गेला होता, भिंतीवर खळीचा डाग होता. पाटील काही वाईट माणूस नव्हते. शाळेवर छप्पर घालायचं आहे, बाजार आता आपल्या पायावर उभा राहिला, मग माफी कशाला पाहिजे, असं त्यांनी मला शांतपणे समजावलं.

"बाजार उभा राह्यला तो आमी बसलो म्हनून," मी म्हटलं. "रिकाम्या जागेत कोन बसलं होतं वर्सभर? तीन वर्सं तुमी लिहून देल्ली होती."

"कागद कोठी आहे?"

"मी वाचला होता."

"बाईनं वाचलं म्हनून गाव चालत नाही," पाटील म्हणाले, आणि पंच हसले.

त्या हसण्याने माझं काम सोपं केलं. नाल्यापलीकडे दुसऱ्या गावची शीव लागत होती आणि तिथे एका म्हातारीचं मोकळं रान होतं. तिने जागा द्यायला एकच अट घातली. ज्वारीची धसकटं उपटून द्या नि बसा. आम्ही बायकांनी दोन दिवस खपून रान साफ केलं. मंगळवारी सगळी दुकानं नाल्यापलीकडे लागली. नाला कोरडा होता, गिऱ्हाईक आपसूक पलीकडे आलं. अलीकडे ठेकेदार एकटा उभा होता.

दोन बाजार असे गेले. तिसऱ्या मंगळवारी ठेकेदार नाला ओलांडून आला आणि मला बाजूला बोलावून हळूच म्हणाला, "तुही बैठक माफ. तीन वर्सं कायची, कायमची. फक्त तुही भट्टी अलीकडे आन."

"मले एकटीलेच कायले?"

"तू आली का बाकीचे मागं येतात."

मोह झाला नाही असं लिहिलं तर ते खोटं होईल. धुराने नवऱ्याचे डोळे अधू होत चालले होते आणि पुढे कसं निभेल हे मला दिसत नव्हतं. मी भट्टीतलं एक लाकूड मागे ओढलं, जाळ कमी केला. मग म्हटलं, "माफी सगळ्याइले आहे त मी येतो. मले एकटीले असंल त ती माफी नाही, लाच आहे. ते घरी ने."

हे मी सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलले. तरी कल्हईवाला पुढच्या बाजारी गुपचूप अलीकडे जाऊन बसला. त्याच्या घरात खाणारी आठ तोंडं होती, मी त्याला काही बोलले नाही. पण बाकी कोणी हललं नाही. ठेकेदार पंचांकडे आपले पैसे परत मागू लागला. शेवटी पाटील स्वतः रानात आले आणि उरलेली दोन वर्षं बैठक माफ राहील म्हणाले. मी त्यांच्याकडून ते लिहून घेतलं, खाली सही घेतली आणि या वेळी कागद चावडीवर लावू दिला नाही. तो माझ्या पेटीत राहिला. पुढच्या मंगळवारी आम्ही परत बाभळीखाली आलो.

मुदत संपली त्या मंगळवारी ठेकेदार माझ्याकडे यायच्या आत मी उठून त्याच्या हातावर बैठक ठेवली. शाळेचं छप्परही पुढे झालं, त्यात माझेही पैसे आहेत. मुदत संपली त्याच दिवशी दुपारी पाटील पहिल्यांदाच माझ्या भट्टीसमोर उभे राहिले आणि फुटाणे मागितले. मी त्यांना नेहमीचंच माप दिलं. एक दाणाही वर टाकला नाही.