गिअरची खिडकी

सायकलीच्या मुठीवर गिअरचा आकडा दिसायला पाहिजे की नको, ह्यावर सांगलीच्या विश्रामबागेत आमच्या फाटकासमोर रोज सकाळी वाद चालायचा, असं सांगितलं तर तुम्ही हसाल. मीही हसायची. चहाचं आधण ठेवता ठेवता ऐकायची आणि म्हणायची, काय ही म्हातारी पोरं!

म्हातारी पोरं म्हणजे आमचे हे आणि त्यांचे दोन सोबती. हे पलटणीत गाड्यांवर होते, सुभेदार होऊन घरी आले. एक सोबती रिटायर मास्तर. दुसरे पलूसकडचे बागायतदार, द्राक्षबाग पोरांच्या हातात देऊन इथं बंगला बांधून राहिलेले. उजाडलं की तिघं तासगावच्या रस्त्याला लागायचे. बेदाण्याच्या शेडच्या अलीकडं एक चहाची टपरी आहे, तिथवर जायचं, चहा प्यायचा, जगाची उणीदुणी काढायची आणि माघारी यायचं. आमच्या ह्यांची सायकल थोरल्यानं पुण्याहून आणलेली, गिअरची. मला गिअर काय ते कळायचं नाही, तर ह्यांनीच समजावलं. मागच्या चाकाला लहानमोठ्या दातेरी चकत्या असतात. साखळी मोठ्या चकतीवर गेली की पाय हलके पडतात, चढाला ती बरी. लहान चकतीवर गेली की जड, पण सपाटीला सायकल पळते. साखळी हलवायचा खटका उजव्या मुठीपाशी. आणि त्या खटक्यावर नखाएवढी खिडकी, आत एक ते सात आकडे आणि एक लाल काडी. काडी ज्या आकड्यावर, त्या गिअरात सायकल.

ह्यांची नजर सारखी त्या खिडकीवर. मास्तरांना ते दिसलं, आणि मास्तर कसले सोडतायत.

"सुभेदार, रस्त्याकडं बघा की वं! मुठीत काय वहिनीचा फोटो लावलाय व्हय?"

"आकडा बघतोय."

"आकडा कशाला लागतोय? पायाला कळतंय की. जड झालं, दाबला खटका. हलकं झालं, दाबला दुसरा. माझ्या सायकलीला खिडकीच न्हाई, काय अडलंय माझं?"

"फौजेत मीटर बघितल्याबिगर गाडी हालत न्हाई, मास्तर. तुमचं आपलं खडू न् फळा."

बागायतदार मधे तोंड घालायचे, "आवं, बैलगाडीला कुठं आकडं हुतं? गेलीच की बाजाराला!" मग तिघं हसायचे आणि घंट्या वाजवत निघायचे. मी आपली फाटक लावून घ्यायची. वाटायचं, फौजेची सवय, दुसरं काय.

एका सकाळी हे फिरून आले, सरळ स्वयंपाकघरात येऊन पाणी प्यायले आणि बाहेरच्या खोलीत टीव्हीसमोर बसले. मी वळून बघते तर फरशीवर दारापासून माठापर्यंत लाल ठसे. एकाच पायाचे. मी ओरडलेच. हे म्हणाले, "काय झालं?" बाभळीचा काटा सँडलच्या तळातून आरपार घुसून पायात मोडला होता. मी चिमटा आणला, खाली बसले, त्यांचा पाय मांडीवर घेतला. मी काटा ओढत होते, आणि हे वर बातम्या बघत होते. "निघाला का?" असंही त्यांनी विचारलं नाही. मीच सांगितलं, निघाला म्हणून.

"आवं, दुखलं न्हाई?"

तेव्हा कुठं त्यांनी टीव्ही बंद केला. "कापसावर ठिवल्यागत वाटतंय पाय. लय दिस झालं."

साखरेचा आजार त्यांना जुनाच. डॉक्टरांनी तळपायाला सुई टोचून बघितली, हे छताकडं बघत होते. डॉक्टर म्हणाले, शिरा गेल्यात. असलेल्या जपायच्या, गेलेल्या परत येत नाहीत. बूट घाला, रोज रात्री पाय बघत जा. सायकल? चालवा, जपून.

घरी येताना रिक्षात त्यांनी मला खिडकीचं खरं सांगितलं. "पायाला कळतंय म्हणत्यात ना मास्तर, माझ्या पायाला काय बी कळत न्हाई. मांडीला कळतंय, पण उशिरा. दम लागल्यावर. तवर चढ अर्धा झालेला असतोय. आकडा दिसला की मला आधीच कळतं. पण तू त्येंस्नी सांगू नगंस."

मी नाही सांगितलं. मास्तर चेष्टा करायचे तशी करत राहिले, आणि मी आतल्या आत जळायची. आता कुणी मला विचारलं की सायकलीला ती खिडकी हवी का, तर मी म्हणेन, ज्याचे पाय बोलतात त्याला नको. ज्याला घामाघूम होऊन चढ चढता येतो आणि तो घाम कुठून आला ते ज्याच्या पायाला ठाऊक असतं, त्याला ती खिडकी म्हणजे पोरखेळच. पण पाय मुके झाले की माणूस विचारणार कुणाला? डोळ्यालाच विचारणार. एवढं साधं आहे. पण ते सांगायचं म्हणजे मुके पाय चारचौघांत सांगायचे, आणि ते ह्यांना जमणारं नव्हतं.

मग खंडेनवमी आली. आमच्या ह्यांचा खरा सण तो. पलटणीत त्या दिवशी हत्यारांची पूजा असायची, आणि घरी आल्यावरही ह्यांनी ती सोडली नाही. आता हत्यार कुठलं? कोयता, माझं शिलाई मशीन, विळी आणि सायकल. सगळं पुसून अंगणात चादरीवर मांडलं. पाणी शिंपडलं, हळद लावली, पाच बोटं कुंकवात बुडवून ठसठशीत ओढली. सायकलीला कुठं लावायचं कुंकू? जिथं हात धरतो तिथं. नेमकं खिडकीवर. वरून पुन्हा पाणी शिंपडलं, झेंडूची माळ घातली आणि कडक सलाम ठोकला.

दसऱ्याच्या सकाळी बघतात तर कुंकू पाण्याबरोबर फटीतून आत उतरलेलं. खिडकी लालभडक. लाल काडी त्या लालात कुठं शोधायची? ह्यांनी कापसानं पुसलं, काडेपेटीतली काडी फटीत घालून बघितली. मग फाटकाला रंग दिला तेव्हाचं थिनर आणलं. बंदुका साफ केलेला माणूस, त्यांना वाटलं ह्यानं निघेल. कुंकू थोडं निघालं, पण थिनरनं खिडकीचं प्लॅस्टिक पांढरं झालं. मोतीबिंदू झालेल्या डोळ्यागत. हे ते तसंच अंगठ्यानं चोळत बसले, बराच वेळ. मी जेवायला बोलावलं तर म्हणाले, "थांब, दिसंल."

नाही दिसलं.

मग गावात सायकलच्या दुकानात गेलो, मी मुद्दाम बरोबर गेले. दुकानदार भला माणूस होता, त्यानं सायकल उलटी करून बघितली. म्हणाला, "काका, ह्यो खटका आता येत न्हाई. नवा बसवतो, एकदम मऊ हाय. फकस्त खिडकी नसती त्याला."

"खिडकीवालाच पाहिजे."

"कोण बघतंय काका खिडकीत! सगळी पायानंच ओळखत्यात. चार दिसात सवय हुती बघा."

मला वाटलं, आता सांगतील. मी त्यांच्याकडं बघितलं. ते मान हलवून म्हणाले, "बसव."

मी घरी आल्यावर म्हटलं, "आवं, मनात मोजा की. दाबला की एक, दाबला की दोन." त्यांनी तेही केलं. पण मास्तरांसोबत राजकारणावर बोलताना आकडा कुठं राहतोय? वाकून मागच्या चकतीकडं बघायला जावं तर सायकल झोकांडी खाते. त्यातच कारखाने सुरू झाले आणि रस्ता उसाच्या ट्रॉल्यांनी भरला.

पुढं जे झालं ते मला बागायतदारांनी सांगितलं. पुलाच्या चढावर हे जड गिअरातच राहिले. सायकल जवळजवळ थांबली. ह्यांनी पाय टेकला, निदान ह्यांना वाटलं की टेकला. पाय रस्त्यापर्यंत पोचलाच नव्हता. आडवेच झाले. मागून ट्रॉली येत होती, ड्रायव्हरनं वेळेत ब्रेक दाबला म्हणून बरं. दोघांनी ह्यांना उचललं तेव्हा बूट पेडलपाशी पडलेला, आणि हे नुसत्या मोज्यावर उभे. त्यांना ते समजलंही नव्हतं. मास्तरांना समजलं. मास्तर खाली बसले आणि त्यांनी ह्यांच्या पायात बूट घातला.

त्या दिवसापासून चेष्टा बंद झाली. तेच मला सगळ्यात वाईट वाटलं.

दोघं घरी आले, खुर्च्यांवर अवघडून बसले. मास्तर इकडचं तिकडचं बोलून म्हणाले, "सुभेदार, तुमी आता मोटारसायकलीवर या टपरीवर. आमी मागनं येतो. चहा काय सायकलवाल्यांनाच असतो व्हय?"

"येतो की," हे म्हणाले.

सायकल मागच्या पडवीत गेली. थोरल्याला फोनवर सांगितलं, तो म्हणाला, आणखी चांगली बघतो, डिजिटल आकड्याची. "आकड्यानं पाय टेकत न्हाई," म्हणत ह्यांनी फोन माझ्याकडं दिला.

दुसऱ्या दिवशी हे आवरून निघाले. स्वेटर घातला, मफलर घेतला. पूर्वी पेडल मारताना कधी लागत नव्हता. आमची जुनी मोटारसायकल किकला रुसते, ह्यांनी ती कशीबशी चालू केली आणि गेले. मी मनाशी म्हटलं, चला, मित्र तरी राहिले.

फार वेळ झाला नाही तोवर माघारी आले. मी विचारलं, "झाला का चहा?"

"झाला." खुर्चीत बसले. "ती दोघं घामानं भिजून आली. मी आपला कोरडा, आधीच येऊन बसलेला. मास्तरांनी माझ्यासाठी बिनसाखरेचा सांगितला, आवाज बारीक करून. आधी कवा सांगत नव्हते."

मी म्हटलं, "सवय हुईल."

त्यांनी खिशातून मोटारसायकलची चावी काढली आणि माझ्या हातात दिली.

"आता ही कशाला?"

"येताना पुलाच्या उताराला ट्रॉली आडवी आली. मी ब्रेक दाबला." ते त्यांच्या उजव्या बुटाकडं बघत होते. "दाबला का न्हाई, ते मला गाडी थांबल्यावर कळलं. हिचा मागचा ब्रेक पायात असतोय गं."

मी चावी घेतली. कुठं ठेवावी ते सुचेना, म्हणून बराच वेळ नुसती हातातच धरून उभी राहिले. बाहेर फाटकापाशी मास्तरांची घंटा वाजली, माघारी जाताना सवयीनं वाजवली असणार. हे उठले नाहीत. मीही फाटकाकडं गेले नाही.