आईच्या प्लेअरला लागणारी डिस्क

माझा कोणावर पटकन विश्वास बसत नाही आणि त्याची मला काडीइतकीही लाज वाटत नाही. अबू धाबीत इतकी वर्षं अकाउंट्समध्ये घालवल्यावर माणूस असाच होतो. "सगळं ओके आहे मॅडम" असं कोणी म्हणालं की मी आधी फाइल मागवते. नवरा म्हणतो, तू चर्चमध्येसुद्धा फादरांच्या तोंडाकडे संशयाने बघतेस. बघते. बिघडलं कुठे?

बाबा गेले त्यानंतर काही महिन्यांनी वसईहून आईचा फोन आला. इकडचं तिकडचं बोलून झाल्यावर म्हणाली, "बाय, त्यांचा आवाज असलेलं काही आहे का गं तुझ्याकडे?" माझ्या आईने आयुष्यात माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी पाठवली तर वहिनीला देणार, परफ्यूम पाठवला तर कपाटात ठेवणार. तिने मागितलं ते हे एवढंच. मी म्हटलं, आहे आई, पाठवते.

बाबा इथे एकदाच आले होते, माझा मुलगा लहान असताना. आई आली नाही. केळीच्या वाडीला पाणी कोण लावणार, म्हणाली, आणि मागे राहिली. तेव्हा आमच्याकडे छोट्या कॅसेटचा हँडीकॅम होता. नवऱ्याने महिनाभर बाबांचं जमेल तेवढं शूटिंग केलं होतं. त्या कॅसेट मी जपून ठेवल्या होत्या, कारण आमच्या घरात दुसरं कोणी काही जपेल याची मला खात्री नाही.

मुलगा म्हणाला, "मम्मा, जस्ट पुट इट ऑन द क्लाउड." क्लाउड म्हणजे काय, तर आपले बाबा कुठल्यातरी तिऱ्हाइताच्या घरी ठेवायला द्यायचे आणि बघायचे झाले की पासवर्ड सांगून परवानगी मागायची. नको रे बाबा! शिवाय आईला मोबाइलवर नीट दिसत नाही. हॉलमध्ये भावाचा मोठा टीव्ही आहे, पण सगळ्यांसमोर तिला बघायचं नव्हतं. तिच्या खोलीत जुना टीव्ही आणि जुना डीव्हीडी प्लेअर आहे, त्यावर ती भाच्यांच्या लग्नाच्या डिस्का बघते. म्हणजे डिस्कच हवी. मुलगा म्हणाला, "नोबडी युजेस डिस्क्स एनीमोअर." मी म्हटलं, तुझी आजी वापरते.

आता कोरी डिस्क शोधायची. टॉवरखालच्या चकचकीत दुकानात तर तिथल्या पोराने माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्याकडे चूल मागितली. शेवटी शहरातल्या एका जुन्या दुकानात सापडल्या, धूळ खात पडलेल्या. त्यात दोन प्रकार. एकावर डीव्हीडी, मग वजा, मग आर. दुसऱ्यावर तेच, पण मध्ये अधिक. मी विचारलं, फरक काय? दुकानदार म्हणाला, "हबीबी, सब सेम है, प्लस ज्यादा अच्छा." चाळीस दिरहम, म्हणजे जवळजवळ हजार रुपये. तो इतक्या झटकन बोलला की मला तिथेच पाणी मुरतंय असं वाटलं. तरी घेतली. अधिक म्हणजे काहीतरी जास्तच असणार, असं हिशेबवालीच्या डोक्यात आलं असावं.

कॅसेटवरचं सगळं एका डिस्कवर मावेना, म्हणून मी निवडून निवडून तासाभराची फिल्म केली. ऑफिसातला एक वसईचाच मुलगा बहिणीच्या लग्नाला निघाला होता. इथून गावी जाणाऱ्या प्रत्येकाच्या बॅगेत अर्धं सामान दुसऱ्यांचं असतं, आणि वजन भरलं की तो काय काढून टाकेल याचा नेम नाही. डिस्कचा डबा तर पहिला जाणार. पण खजूर कोणी टाकत नाही. म्हणून मी डिस्क पातळ पिशवीत घालून खजुराच्या डब्यात तळाशी दडवली आणि स्वतःवर खूश झाले.

पिशवी फुटली. वहिनीचा फोन आला, "अगं, ही डिस्क आहे की चिक्की? भांड्याच्या साबणाने धुतली, तरी लागत नाही." आठवडाभर आम्ही सगळे खजुराला दोष देत होतो. मग मी भावाकडून प्लेअरच्या मागच्या बाजूचा फोटो मागवला. त्यावर फक्त वजावाल्या डिस्कचं चिन्ह होतं. अधिकवाली त्या प्लेअरने धुतलेली काय, न धुतलेली काय, कधीच वाचली नसती. त्या दुकानदाराला मी मनातल्या मनात काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही.

दुसरी डिस्क वजावाली. तीही लागली नाही. शोध घेतला तेव्हा कळलं की डिस्क भरून झाल्यावर तिला बंद करावं लागतं, फायनलाइज म्हणतात त्याला. ते केलं नाही तर माझ्या कॉम्प्युटरवर चालणार, बाकी कुठे नाही. आई फोनवर म्हणाली, "राहू दे गं, नशिबात नाही." ते ऐकून माझा जीव तुटला. म्हटलं, आता बघतेच.

मी जाहिराती बघून बघून अल ऐनच्या एका कुटुंबाकडून आईसारखाच प्लेअर मिळवला. तीच कंपनी, तेच मॉडेल. तो आणायला नवऱ्याला गाडी घेऊन पाठवलं. तो वाटेत काय पुटपुटला असेल ते मला ठाऊक आहे. तिसरी डिस्क वजावाली, कमी वेगाने भरलेली, व्यवस्थित बंद केलेली. त्या प्लेअरमध्ये पहिल्यापासून शेवटपर्यंत लावून बघितली. लोण्यासारखी चालली. या वेळी खजूर नाही, कडक पुठ्ठा, आणि चिकटपट्टीवर आडवी माझी सही.

वहिनीचा फोन आला. "नाही लागत गं ही पण."

माझ्याकडे लागते आणि तिथे लागत नाही? तोच प्लेअर, तीच डिस्क? म्हणजे बाई खोटं बोलतेय. का बोलतेय तेही मी बसल्याजागी ठरवून टाकलं. आई बाबांना बघून रडणार, जेवणार नाही, आणि मग निस्तरायचं कोणी, तर हिने. त्यापेक्षा डिस्कच लागत नाही म्हटलं की झालं, खलास! नवरा म्हणाला, जाऊ दे ना. मी म्हटलं, तुझ्या आईची डिस्क असती तर जाऊ दिलं असतंस का?

रविवारी भर दुपारी, न कळवता, मी वहिनीला व्हिडिओ कॉल लावला. "आईच्या खोलीत जा. फोन टीव्हीसमोर धर आणि माझ्या डोळ्यांदेखत डिस्क लाव."

ती खोलीत गेली, डिस्क घातली. आणि लागली की! बाबा समुद्राच्या पाण्यात उभे, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली, खांद्यावर माझा मुलगा, आणि लाट आली की दोघं ओरडतात. बाबा पोट धरून हसतायत.

"वा!" मी म्हटलं. "आणि मला सांगतेस लागत नाही? म्हातारीला नवऱ्याचं तोंड बघू देत नाहीस? लाज कशी वाटत नाही गं तुला?" माझ्या तोंडाचा पट्टा सुरू झाला तो थांबेना. वहिनी फोन तसाच टीव्हीसमोर धरून उभी.

मागून आईचा आवाज आला. "तिला नको बोलू. मी सांगायला लावलं तिला."

वहिनीने फोन आईकडे वळवला. आई पलंगावर बसली होती. पहिल्या दोन खरंच लागल्या नाहीत, म्हणाली. तिसरी लागली. दार लावून तिने ती पूर्ण बघितली होती.

"मग?" मी म्हटलं.

"ते तिकडून आले तेव्हा मला म्हणाले, काही नाही तिकडे. नुसतं ऊन. जीव कंटाळला माझा, बरं झालं तू आली नाहीस." आईने टीव्हीकडे बोट दाखवलं. "मला इतकी वर्षं वाटायचं, बिचारे महिनाभर कसे राहिले असतील माझ्याशिवाय. आणि हे बघ. इथे घरी असे हसलेले मी त्यांना कधी बघितलं नाही गं. लग्नातसुद्धा नाही."

"आई, तुला वाईट वाटू नये म्हणून म्हणाले असतील तसं."

"असेल." टीव्हीवर बाबा आता शॉरमा खात होते आणि नवऱ्याला काहीतरी सांगून टाळी देत होते. आई त्यांच्याकडे बघत होती, माझ्याकडे नाही. "खरं सांग. मी नव्हते म्हणून हसत होते का?"

"काहीतरीच काय! रोज तुझी आठवण काढायचे."

"यात आवाज आहे ना?" आई म्हणाली. "मग माझी आठवण काढलेली कुठे आहे ते काढून दे. मी तेवढंच बघेन. बाकीचं नको मला."

मी म्हटलं, अगं, मी कापून फिल्म केलीय, ते कापलेल्या भागात असेल. नक्की असेल. फोन ठेवल्याबरोबर मी कॅसेट काढल्या. या खेपेला काही वगळलं नाही. जेवणं, मॉल, गाडीतली बडबड, कॅमेरा चालू राहिलाय हे कोणाला ठाऊक नसतानाचं बोलणं, सगळं आवाज मोठा करून ऐकलं. बाबा नातवाबद्दल बोलतात, रस्त्यांबद्दल बोलतात, इथल्या माशांना चव नाही म्हणतात. वाडीबद्दलही बोलतात, या वर्षी केळी कशी आली ते. आईबद्दल एक शब्द नाही. मला खरं वाटेना, म्हणून पुन्हा ऐकलं.

आई आता दर रविवारी विचारते, "सापडलं का गं?"

मी सांगते, अजून एक कॅसेट बघायची राहिलीय.