तिसरा नारळ

देव आहे की नाही, यावर दादा आणि मी आयुष्यभर भांडलो. आता दोघांचेही आवाज बसलेत. यंदा अनसिंगच्या शेतातली संत्र्याची झाडं वाळू लागली, म्हणून बोअरची गाडी बोलावली. दोन बोअर मारले, दोन्हींतून नुसता फुफाटा निघाला.

"दोन नारळ फोडले, दादा. आता तरी मान, तो नाई."

"अन् तू या मशीनवर काहून भरोसा ठेवून राह्यला? तेबी दोनदा कोरडंच गेलं. या खेपेले नारळ तू फोड."

नाही म्हणायचंही त्राण नव्हतं. फोडला. तिसऱ्या बोअरला पाणी लागलं, पण धार करंगळीएवढी. झाडं जगतील, फळ धरणार नाहीत. आम्ही दोघं गाडीच्या चाकाला टेकून बसलो. एवढ्याशा पाण्यावर त्याला देव सिद्ध करता येईना, मला खोडता येईना.