चिंधी बांधलेलं झाड

परदेशी निघाले त्या सकाळी आईनं माझी दृष्ट काढली. बाहेर जीपवाला हॉर्न वाजवत होता. आबा माझ्या बॅगेला सुतळी आवळत होते. बॅगेला कुलूप होतं, पण विमानवाल्यांवर त्यांचा विश्वास नव्हता. आईनं मला स्वयंपाकघरात पाटावर बसवलं, फळीवरचं छोटं गाडगं खाली घेतलं आणि त्यातून सात मिरच्या मोजून काढल्या. मीठ-मोहरी घेऊन, काहीतरी पुटपुटत सगळं माझ्यावरून उतरवलं आणि चुलीत टाकलं. मिरच्या जळाल्या तरी कुणाला ठसका लागला नाही. ठसका आला नाही म्हणजे नजर फार मोठी होती, असं आमच्या नेसरीत मानतात. "बघ, लई नजर लागलीती," आई म्हणाली. "आता जा निवांत." मी उठले आणि गेले.

मला काही वाटलं नाही. हे आधीच सांगून टाकते, कारण गाव सोडण्याचं लिहिणारे बहुतेक जण पहिल्याच पानावर डोळे पुसतात. मी गडहिंग्लज येईपर्यंत पासपोर्ट कुठल्या कप्प्यात ठेवलाय तेच चाचपत होते. जे माझ्यासारखे बाहेर पडलात त्यांना हे ओळखीचं वाटेल. जे मागं राहिलात त्यांना राग येईल, तर येऊ दे.

खरं निघणं त्याच्या बरंच आधी झालं होतं. नव्वदीच्या मध्यावर, बारावीनंतर, पत्र्याची ट्रंक एसटीच्या टपावर टाकून मी कोल्हापूरला गेले. हॉर्टिकल्चरच्या डिग्रीला प्रवेश मिळाला होता. गावात कुणालाच ते काय असतं ते कळेना. शेजारच्या रुक्मिणीकाकूंनी तोंडावर विचारलं, "म्हंजी शिकून माळीण हुणार काय गं?" त्यावर आबा म्हणाले, "माळीण तर माळीण, पर शिकल्याली माळीण हुईल की!" आणि स्वतःच मोठ्यानं हसले.

आई हसली नाही. तिला माझ्या शिक्षणाचा उपयोग सगळ्यात आधी कळला होता. आमच्या घरात बियाणं तिच्या हातात असायचं. आमची मिरची तिनं लग्नानंतर आजऱ्याकडच्या तिच्या माहेरातून पदराला बांधून आणलेली. लांब, वाळली की सालीला बारीक सुरकुत्या पडणारी, गडद लाल. तिखट बेताचीच, पण तिची चटणी घातली की रश्श्याला असा कट यायचा की पाहुणे वाटी परत पुढं करायचे. बाजारात ही मिरची कुठं मिळत नव्हती. आसपासच्या चार घरांत होती, तीही आईनंच दिलेली.

बी धरायची आईची एक रीत होती. तोडणीच्या बायका रानात शिरायच्या आधी ती तीन दिवस सकाळी एकटी जायची. पहिले दोन दिवस नुसती बघायची. तिसऱ्या दिवशी जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंध्या घेऊन जायची आणि निवडलेल्या झाडांना बांधायची. चिंधीच्या झाडाला कुणी हात लावायचा नाही. त्याची मिरची झाडावरच पिकायची, वाळायची. मग तिचं बी राखेत मळून गाडग्यात ठेवायचं आणि पुढच्या पावसाळ्यात ते सगळंच्या सगळं पेरून टाकायचं. जुनं बी घरात ठेवू नये, असा तिचा नियम होता.

कोल्हापुरात मी कसबा बावड्यात खोली घेऊन राहिले. साखर कारखाना सुरू झाला की मळीचा वास खोलीत यायचा, वाळत घातलेल्या कपड्यांना यायचा. पहिले दोन महिने डोकं दुखलं, मग वास येईनासा झाला. मला कशाचीही सवय होते. तेव्हा तो गुण वाटायचा.

वनस्पती प्रजनन हा विषय दुसऱ्या वर्षाला आला आणि मी पहिल्यांदा कॉलेजात तोंड उघडून बोलले. कळी उमलायच्या आदल्या संध्याकाळी चिमट्यानं पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी हवे ते पराग लावायचे, वर बटर पेपरची पिशवी चढवायची, लेबल बांधायचं. माझा हात हलका होता. लेबल बांधताना मला आईची चिंधी दिसायची. सरांनी निवड पद्धत शिकवली त्या दिवशी तर मी उभी राहून म्हणाले, "सर, हे आमची आई करते." वर्ग हसला. सर हसले नाहीत. "मग तिच्याकडून शिकून ये," म्हणाले.

त्याच पावसाळ्यात प्रॅक्टिकलची संकरित मिरचीची रोपं उरली होती. नाहीतरी ती टाकूनच देणार होते. मी वीस-बावीस रोपं खोक्यात घालून, एसटीत मांडीवर धरून घरी नेली. आईनं ती तिच्या मिरचीच्या शेजारच्याच सरीत लावली. आबा म्हणाले, बांधाच्या पलीकडं लावू. आई म्हणाली, "लेकीची रोपं लांब कशाला?" खड्डे मीच काढले.

त्या सहामाहीच्या परीक्षेत विलगीकरण अंतरावर प्रश्न आला. दोन वाणांमध्ये किती अंतर ठेवावं आणि का. सर वर्गात म्हणाले होते, "मिरची आपली आपण फळते, असं पुस्तक सांगतं. पण मधमाशीनं पुस्तक वाचलेलं नसतं." मी ते सगळं लिहिलं, माशीसुद्धा. पूर्ण मार्क मिळाले. लिहिताना आमची सरी एकदाही डोळ्यांसमोर आली नाही. असं कसं झालं, हे मला आजही सांगता येत नाही.

पुढच्या वर्षीच्या दिवाळीला घरी गेले तेव्हा आईनं हाताला धरून रानात नेलं. चिंध्या बांधून झाल्या होत्या. ज्या झाडांना बांधल्या होत्या ती बाकीच्यांपेक्षा हातभर उंच होती, दाट होती, मिरच्यांनी वाकली होती. "तुझ्या रोपांची संगत लागली बघ ह्यास्नी," आई म्हणाली. "कशी फोफावल्यात!" मागं रुक्मिणीकाकू उभ्या होत्या. त्यांना ती सांगत होती, "आमच्या नंदीनं कालेजातनं आणल्यालं हाय."

मला बघताक्षणी कळलं. संकराची पहिली पिढी अशीच जोमदार येते आणि पुढच्या पिढीत सगळं विस्कटतं. आईची रीत चोख होती. ती सगळ्यात चांगली झाडं धरायची आणि या वर्षी सगळ्यात चांगली दिसणारी झाडं तिची नव्हतीच. कोपऱ्यात तिची खरी झाडं होती, बुटकी, नेहमीसारखी. 'आई, या चिंध्या सोड आणि त्यांना बांध', एवढंच म्हणायचं होतं. मी म्हणाले, "छान आलीत," आणि घरी येऊन चकली खाल्ली.

तिला वाईट वाटू नये म्हणून गप्प बसले, असं मी पुढं बरीच वर्षं स्वतःला सांगितलं. खरं तर काकूंसमोर चूक कबूल करायची मला लाज वाटली. शिवाय कोल्हापूरची परतीची बस चुकवायची नव्हती. परत गेल्यावर पत्र टाकता आलं असतं, तेही टाकलं नाही.

त्याच्या पुढच्या वर्षी रान विस्कटलं. एका झाडाची मिरची आखूड, दुसऱ्याची जाड, तिसरीला रंगच चढेना. आबा म्हणाले, जमीन बिघडली, खत जास्त झालं. आई तीन दिवस सकाळी चिंध्या घेऊन रानात जात होती आणि तिन्ही दिवस चिंध्या हातात घेऊन परत येत होती. "एकीचं त्वांड दुसरीला न्हाई," एवढंच म्हणायची. ज्या चार घरांत बी दिलं होतं त्यांनी तोवर बाजारचं पाकीट आणायला सुरुवात केली होती. आमची मिरची संपली. मी डिस्टिंक्शनमध्ये पास झाले. सत्काराला आईनं नवं लुगडं नेसलं होतं.

नंतरचं सगळं सरळ झालं. एम.एस्सी., टिश्यू कल्चरची लॅब, बियाणे कंपनीत नोकरी आणि मग हॉलंड. इथं मी ढबू मिरचीवर काम करते. आबांना फोनवर सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "ढबू मिरचीसाठी येवढ्या लांब? हितं काय कमी पिकत्यात व्हय?" इथलं ग्रीनहाऊस आमच्या अख्ख्या गल्लीएवढं आहे. आत जायला दोन दारं, अंगावर पांढरा कोट, प्रत्येक झाडाला बारकोडचं लेबल. कोटावरून परागाचा कण इकडचा तिकडं जायला नको. या बाबतीत मी फार कडक आहे अशी माझी ख्याती आहे. कुणी आतलं दार उघडं ठेवलं की सगळे म्हणतात, "नंदाला कळलं तर?" मीही हसते. इथं थंडी आहे, सायकल आहे, शनिवारी एका सुरिनामी माणसाच्या दुकानात कोथिंबीर मिळते. बरं चाललंय. घराची आठवण येते का, असं विचारलं की मी हो म्हणते, कारण नाही म्हटलं की लोक थांबून बघतात.

लॅबमध्ये मी जुन्या, मरायला टेकलेल्या बियांमधला गर्भ काढून काचेच्या नळीत वाढवते. वर्षभर हेच करत असताना एका रविवारी दुपारी मला ते गाडगं आठवलं. आई जुनं बी पेरत नसे, पण बी बिघडायच्या आधीच्या वर्षातल्या थोड्या अख्ख्या मिरच्या तिनं आठवण म्हणून त्यात जपून ठेवल्या होत्या. एक जरी बी जिवंत निघालं तरी पुरे होतं. मला कितीतरी वर्षांनी काहीतरी वाटत होतं. मी कॉलिंग कार्ड खरवडलं आणि घरी फोन लावला.

"आई, त्या जुन्या मिरच्या आहेत ना? पाठव मला. बी उगवून बघते."

"आता कशाला गं?"

मग मी सांगितलं. माझी रोपं, माशी, चिंध्या, परीक्षेतला प्रश्न, चकली, सगळं. आई म्हणाली, "ठावं हाय की. मिरचीचं देठ बघूनच वळखलं हुतं, ही माजी न्हवं."

"मग चिंधी का बांधलीस?"

"लेक शिकून कायतर घिऊन आली. ते धरायचं न्हाई, तर काय उपटून टाकायचं?"

मी परत मिरच्यांचंच विचारलं.

"त्या कुठल्या आता! सातच उरल्या हुत्या. तू निघालीस तवा तुज्यावरनं उतरून टाकल्या की," आई म्हणाली. "दृष्टीला चांगल्याच लागत्यात. बाजारच्या किडक्या कशा टाकायच्या?"

त्या सकाळी मी पाटावर बसून घड्याळ बघत होते. सात मिरच्या म्हणजे दोन-तीनशे बिया असतील. मिरचीचं एवढं शिक्षण घेतलेली मी, माझ्या तोंडापासून वीतभर अंतरावरून त्या सातदा फिरल्या आणि मी त्यांच्याकडं पाहिलंसुद्धा नाही.

पुढच्या दिवाळीला रजा काढून घरी गेले. आईनं विचारपूस केली नाही, हातात चिंध्या दिल्या. "ह्या वक्ताला तू बांध." रानात अजून तीच सरमिसळ होती; चिंधी बांधता आली नाही तरी आई तेच बी पेरत आली होती. सारखं निवडत गेलं तर आठ-दहा वर्षांत काहीतरी एकसारखं हाती लागेल. ते जुनं नसेल. आईचं वय आणि ही वर्षं मी मनात एकापुढं एक ठेवून बघितली. पहिल्या दिवशी मी लगेच एका झाडापाशी वाकले तर ती ओरडली, "बघ की आधी! घाई काय हाय?" मी दोन दिवस सकाळी नुसती बघत राहिले. तिसऱ्या दिवशी चिंध्या बांधल्या. एके ठिकाणी आईनं माझी चिंधी सोडली आणि शेजारच्या झाडाला बांधली. कारण सांगितलं नाही, मी विचारलंही नाही. घर म्हणजे काय, असं आता मला कुणी विचारलं तर मी तेच झाड सांगेन.

निघताना तिनं पुन्हा पाटावर बसवलं. या वेळी मी मिरच्यांकडं नीट बघितलं. बाजारच्या होत्या, आखूड, भडक रंगाच्या. चुलीत पडल्याबरोबर असा ठसका उठला की आबा खोकत बाहेर पळाले, जीपवाला खोकायला लागला, माझ्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं. आई पदरानं माझे डोळे पुसत खोकत खोकत म्हणाली, "बघ, आता कुणाचीबी नजर न्हाई तुला."